रेघ सगळ्यात शेवटी : व्यापारी मार्गांच्या नकाशाबद्दल इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील माध्यमिक शाळांचे इतिहास आणि भूगोल शिक्षक

सप्रेम नमस्कार.

‘प्राचीन काळातील व्यापारी मार्ग नकाशात दाखवा’ हा प्रकल्प शाळाशाळांतून दिला जातो. मुलं कोपऱ्यावरच्या दुकानातून महाराष्ट्राचा कोरा नकाशा आणतात. कल्याण, जुन्नर, पैठण आणि तेर असे चार ठिपके देतात, लाल स्केचपेन आणि पट्टी घेऊन ते जोडतात आणि खाली ‘सातवाहनकालीन व्यापारी मार्ग’ असं लिहून मोकळी होतात. रेघ सरळ आणि अक्षर नीट असलं की गुणही चांगले पडतात. आमचं म्हणणं त्या रेघेबद्दल आहे.

स्केचपेनची रेघ किमान दीड मिलिमीटर जाड असते. नकाशाचं प्रमाण १:२५,००,००० असेल, म्हणजे १ सेंमीला २५ किमी, तर ती रेघ जमिनीवर पावणेचार किलोमीटर रुंद झाली. कल्याण आणि जुन्नर यांच्यामधल्या नाणेघाटाचा मुख्य चढ आडव्या अंतरात मोजला तर दोन-अडीच किलोमीटरचा. ज्या घाटामुळे हा रस्ता इथून गेला तो घाट अख्खाच्या अख्खा शाईखाली जातो. मुलांना वाटतं आपण नाणेघाट दाखवला. खरं तर तो झाकला.

कोऱ्या नकाशावर डोंगर नसतो, म्हणून त्यावर कोणतीही दोन गावं पट्टीने जोडता येतात. लादलेल्या बैलाला पट्टी चालत नाही. तेव्हा आमची मागणी एवढीच की क्रम उलटा करा. आधी जमीन, मग पुरावे, रेघ सगळ्यात शेवटी. आणि पुरावा तुटतो तिथे रेघही तुटक.

सामान फारसं लागत नाही. दोन-तीन मुलांत एक नकाशासंग्रह, ट्रेसिंग पेपर, २ एच पेन्सिल, बारीक टोकाचं पेन, कंपासपेटीतला डिव्हायडर, हातभर शिवणाचा दोरा आणि कागद धरायला दोन क्लिपा. लोकर घेऊ नका; ती ताणली जाते आणि मोजलेलं अंतर कमी भरतं. दुकानदार कधी कधी ट्रेसिंग म्हणून स्वयंपाकघरातला तेलकट बटर पेपर देतात, त्यावर पेन्सिल घसरते आणि बोटाने पुसली जाते. तासिका तीन लागतात, आणि त्यातली पहिली अख्खी जमिनीवर घालवावी.

नकाशासंग्रहाचं प्राकृतिक पान उघडा, राजकीय नव्हे. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला की आधी अक्षांश-रेखांश जिथे छेदतात अशा चार ठिकाणी बारीक फुल्या करून घ्या. ही पायरी सगळे गाळतात. पुढे तोच कागद पावसाच्या, मातीच्या आणि वाऱ्यांच्या पानांवर ठेवायचा असतो. फुल्या नसतील तर तो दोन मिलिमीटर सरकतो, म्हणजे या प्रमाणात पाच किलोमीटर, आणि तेवढ्यात नाणेघाट सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरतो. प्रमाण तेच असलेली पानं निवडा. काही संग्रहांत पावसाचा नकाशा अर्ध्या आकारात कोपऱ्यात बसवलेला असतो, तिथे फुल्याही जुळत नाहीत. तसं असेल तर ते पान नुसतं डोळ्यांनी बघा, गिरवू नका.

पहिल्या थरात तीनच गोष्टी गिरवायच्या: किनारा, नद्या आणि ६०० मीटरची रंगाची कड. ही कड गिरवताना पेन्सिल जिथे अडखळते तिथेच धडा आहे. बहुतेक संग्रहांत सखल प्रदेश हिरवा, मग पिवळा, मग तपकिरी असे उंचीचे रंग असतात. विदर्भात हे रंग ऐसपैस पसरलेले दिसतात. ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर मात्र हिरव्याला जवळजवळ थेट तपकिरी भिडतो आणि मधला पिवळा दोऱ्याएवढा उरतो. तो दोरा म्हणजे सह्याद्रीचा कडा. मुलांना विचारा, पिवळा कुठे गेला? भूगोलाचं पुस्तक उघडायच्या आधी उत्तर त्यांच्याकडूनच येतं: जमीन एकदम चढली.

मग दक्षिण भारताचं पान काढून पालघाट दाखवा. तिथे हिरवा रंग डोंगररांगेतून आरपार जातो. ती खिंड पंचवीस-तीस किलोमीटर रुंद आहे आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरच्या आसपास. केरळच्या किनाऱ्यावर उतरलेला माल तिथून कोइमतूरकडे सहज जाई; कोइमतूर परिसरात रोमन नाण्यांचे साठे सापडले त्यात नवल नाही. आपल्याकडे असा दरवाजा नाही. इथे भिंतीतल्या भेगा शोधाव्या लागल्या. थळघाट, नाणेघाट, बोरघाट या त्या भेगा. आणि प्रत्येकीच्या माथ्यावर किंवा जवळपास लेणी आहेत हे नकाशावर ठिपके पडल्याबरोबर दिसतं. थळघाटाच्या वाटेवर नाशिकची पांडवलेणी, बोरघाटावर कार्ले, भाजे, बेडसे, आणि नाणेघाटाच्या पलीकडे जुन्नर, जिथे आसपासच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत.

आता एकाच घाटाजवळ थांबा. सगळा मार्ग मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर बघायला वेळ पुरत नाही. एक नाणेघाट पुरे. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची पत्रकं संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. जुन्या क्रमांकाने हा भाग ४७ ई मध्ये येतो, म्हणजे १९ ते २० उत्तर अक्षांश आणि ७३ ते ७४ पूर्व रेखांश यांच्या चौकटीत. अशा चौकटीची सोळा पत्रकं असतात. छापताना प्रिंटरच्या खिडकीतलं ‘फिट टू पेज’ काढून टाका, नाहीतर पत्रक आक्रसतं आणि २ सेंमीला १ किमी हे प्रमाण खोटं ठरतं. ए४ वर पूर्ण पत्रक मावणार नाहीच; घाटाचा तुकडा तेवढा मूळ आकारात छापा.

या पत्रकावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात आणि दर पाचवी रेषा जाड असते. पायथ्यापासून नाण्याच्या खिंडीपर्यंत चढ सुमारे ६०० मीटर, म्हणजे तीसेक रेषा. त्या साधारण पाच सेंटिमीटरांत बसतात, दोन रेषांमध्ये जेमतेम दीड मिलिमीटर. शेजारी कड्यावर त्या एकमेकींना चिकटून एकच तपकिरी पट्टा होतो. हा पट्टा डावी-उजवीकडे सलग जातो आणि एका ठिकाणी त्याला खाच पडते, तिथे रेषा थोड्या सुट्या होतात. त्या खाचेतून पाऊलवाटेची तुटक रेघ वर चढलेली दिसते. बाजूलाच जीवधन. आणखी पूर्वेकडे गेलं की चावंड, हडसर आणि मग जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. घाटाच्या नाकावर एक किल्ला आणि पेठेपर्यंतच्या वाटेवर तीन, ही मांडणी एकदा पत्रकावर पाहिली की ‘संरक्षणासाठी किल्ले बांधले’ हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

खिंडीच्या तोंडाशी असलेल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं (त्या काळची नाणी) अशा दानांची आकड्यांसकट यादी येते. राजघराण्याने आपला मोठेपणा राजधानीत न कोरता डोंगराच्या खिंडीत का कोरला, हा प्रश्न मुलांना जरूर घालावा. जिथून सगळ्यांना जावंच लागतं तिथे फलक लावतात, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत असं परंपरेने सांगतात. वहीतही ‘असं सांगतात’ असंच लिहू द्या.

दुसरा थर पुराव्यांचा. इथे तीन वेगळी चिन्हं ठरवून घ्या: शिलालेखाला चौकोन, उत्खननाला त्रिकोण, जुन्या ग्रंथातल्या उल्लेखाला गोल. एकाच गावाला दोन-तीन चिन्हं पडली तर पडू द्या. नेवाशाला त्रिकोण, तिथे १९५४ ते ५६ या काळात मोठं उत्खनन झालं. कल्याणला गोल आणि चौकोन, कारण कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावं येतात. जुन्नरला चौकोन, तिथे यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, दानाचेही लेख आहेत. तेरला त्रिकोण आणि गोल. तेर बऱ्याच शालेय नकाशांत छापलेलंच नसतं; मुलं सूची उलटसुलट करून कंटाळतात. ते १८°१९′ उत्तर, ७६°०९′ पूर्व इथे आहे, धाराशिवच्या ईशान्येला वीसेक किलोमीटरच्या आत, तेरणा नदीवर. सूचीत नसलेलं गाव अक्षांश-रेखांशांवरून बसवणं हा स्वतंत्र पाठच आहे.

सूचीचा दुसरा सापळा म्हणजे एका नावाची दोन गावं. ‘कल्याण’ शोधताना बसवकल्याण हाती लागलं तर चालुक्यांची राजधानी सातवाहनांचं बंदर होऊन बसते. म्हणून नाव सापडल्यावर लगेच ठिपका न देता ते कोणत्या नदीवर किंवा खाडीवर आहे ते आधी बघायचं. आपलं कल्याण उल्हासच्या काठी.

आता मोजणी. पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक भाषेतला मजकूर. लेखकाचं नाव माहीत नाही, पण माणूस या समुद्रावर व्यापार करणारा होता हे पानापानांवर दिसतं. तो म्हणतो, बारिगाझापासून, म्हणजे भरुचहून, पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि पैठणहून तगर, म्हणजे आपलं तेर, पूर्वेला दहा दिवसांवर. ही दोन वाक्यं फळ्यावर लिहा आणि डिव्हायडर मुलांच्या हातात द्या.

१:२५,००,००० च्या नकाशावर भरुच ते पैठण १४ सेंमी भरतं, म्हणजे ३५० किमी. पैठण ते तेर ६ सेंमीच्या किंचित वर, म्हणजे १५० किमीच्या आसपास. पहिल्याला २० ने भागलं तर दिवसाला साडेसतरा किलोमीटर, दुसऱ्याला १० ने भागलं तर पंधरा. दोन्ही आकडे एकमेकांच्या शेजारी आले. हे हवाई अंतर आहे, प्रत्यक्ष रस्ता वळणांमुळे चौथाईने तरी वाढणार. तेव्हा रोजची चाल वीसेक किलोमीटर धरावी. भरल्या बैलगाडीला हा वेग पटण्यासारखा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने दिलेला आकडा सातवीतल्या मुलीने डिव्हायडरने तपासला, एवढं काम एका तासिकेत होतं.

पण दिशा? भरुचहून पैठण दक्षिणेला नाही, आग्नेयेला आहे. पैठणहून तेरही पूर्वेला नाही, आग्नेयेलाच. इथे ‘लेखक चुकला’ म्हणून पुढे जाऊ नका. किनाऱ्यावर बसून ऐकलेल्या माहितीत दिवस पक्के असतात, कारण भाडं आणि चारा दिवसांवर ठरतो. दिशा मोघम असते. प्रवासी सांगतो ते अंतर जास्त विश्वासाचं आणि दिशा कमी, हे जुन्या वर्णनांचं नकाशावर भाषांतर करताना सगळीकडे उपयोगी पडतं. टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या अक्षांश-रेखांशांवरून कोणी ठिपके बसवायला सांगितलं तर मात्र नम्रपणे नाही म्हणा. त्याच्या नकाशात आपलं द्वीपकल्प जवळजवळ नाहीसं होऊन किनारा सपाट होतो आणि श्रीलंका अवाढव्य फुगते. त्यावर अंतरं मोजणं व्यर्थ.

याच डिव्हायडरने आता कल्याण ते पैठण मोजा. साडेनऊ सेंमी, म्हणजे २४० किमीच्या आत. भरुचपेक्षा कल्याण शंभराहून जास्त किलोमीटरने जवळ. मग पैठणचा माल भरुचला का जात होता? आमच्या मते अख्ख्या प्रकल्पातला हा सर्वांत चांगला प्रश्न, आणि सरळ रेघ काढणाऱ्या मुलांना तो पडूच शकत नाही.

त्याची दोन उत्तरं आहेत. एक त्याच ग्रंथात. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण संदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या ताब्यात आल्यावर तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात बारिगाझाला नेली जाऊ लागली, असं तो सांगतो. क्षत्रप (पश्चिम भारतातले शक राज्यकर्ते) आणि सातवाहन यांच्या झगड्यात बंदर बंद पडलं. म्हणजे जवळचा रस्ता होता, पण त्याच्या तोंडाशी पहारा होता. अशा बंद मार्गासाठी नकाशावर वेगळी खूण करा, रेघेवर दोन आडवे काप दिले तरी पुरे.

दुसरं उत्तर समोच्च रेषांत आहे. ग्रंथ म्हणतो की पैठणहून गोमेदासारखा दगड आणि तगरहून साधं कापड, मलमल हा माल गाड्यांतून, मोठमोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून भरुचला येतो. गाड्यांतून. नाणेघाटाचा चढ पत्रकावरून काढा: अडीच किलोमीटरला ६०० मीटर, म्हणजे साधारण ४ ला १. तिथे पायऱ्यापायऱ्यांची दगडी वाट आहे. पाठीवर शंभर-सव्वाशे किलो लादलेला बैल ती चढतो, गाडी चढत नाही. तुलनेसाठी रेल्वे घ्या. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी गेली ती ३७ ला १ च्या चढाने. त्या हिशेबाने ६०० मीटर चढायला २२ किलोमीटर रूळ लागतात. चाक असलेल्या वाहनाला घाट किती लांबवावा लागतो आणि खुराला किती थोडक्यात भागतं, हे मुलांनी दोऱ्याने मोजून पाहिलं तर लक्षात राहतं. घाटाच्या तोंडाशी माल गाडीतून उतरवून बैलांवर चढवायचा, खाली पुन्हा गाडीत भरायचा, म्हणजे दोनदा हमाली.

उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीवाटेला पैठणहून सातमाळा ओलांडून खानदेशात उतरावं लागे. ती नेमकी कुठून उतरली हे पूर्ण रेघेने दाखवू नये. पण कन्नड तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी त्या डोंगराच्या कडेलाच आहेत आणि तिथल्या स्तंभावर पैठणच्या मितदेव या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं, नाव कोरलेलं आहे. तिथे चौकोन द्या आणि तुटक रेघ त्याच्या जवळून न्या. तुटक रेघेला कमी गुण देऊ नका. ती प्रामाणिक रेघ आहे.

किनाऱ्याच्या मार्गासाठी याहून नामी पुरावा नाशिकला आहे. पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावांची फुकट सोय केली आणि दोन्ही तीरांवर सभा आणि पाणपोया बांधल्या असं त्यात म्हटलं आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे धर्मशाळा बांधल्याचंही येतं. ही नावं फळ्यावर लिहा आणि मुलांना नकाशासंग्रह देऊन सोडून द्या.

तापी लगेच सापडते. दमण सांगते की मी दमणगंगा. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, पारादा म्हणजे पार नदी. इबा म्हणजे अंबिका आणि करबेणा म्हणजे अंबिकेला मिळणारी कावेरी असं अभ्यासक मानतात. ‘कावेरी’ म्हटल्यावर मुलं तामिळनाडूत धावतात, त्यांना परत बोलवा. सगळ्या सापडल्यावर निळ्या पेन्सिलीने गिरवा. सह्याद्रीकडून समुद्राकडे जाणाऱ्या रेघा एकीखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतात, आणि शिडीच्या दोन टोकांना सोपारा (लेखातलं शोर्पारग) आणि भरुच (भरुकच्छ). किनाऱ्याने जाणाऱ्याला प्रत्येक पायरी ओलांडावीच लागणार. राजाच्या जावयाने पूल बांधले नाहीत, नावा ठेवल्या. का, ते भरतीची खाडी बघितलेल्या पालघरच्या मुलांना विचारा. एखादं चौकस पोर म्हणेल की भरुच नर्मदेच्या उत्तर तीरावर, मग यादीत नर्मदा कशी नाही? म्हटलं तर पाठ थोपटा आणि प्रश्न नकाशाखाली लिहून ठेवा.

या कामात राज्याचा नकाशासंग्रह एका जागी घात करतो. महाराष्ट्राचं पान तलासरीपाशी संपतं, त्यापलीकडे पांढरा कागद. दमणगंगेचा वरचा भाग आपल्याकडे, मुख पलीकडे. म्हणून इथे पश्चिम भारताचं एकत्र पान घ्या किंवा गुजरात आणि महाराष्ट्राची पानं एकाच प्रमाणाची असतील तरच फुल्या जुळवून जोडा. प्रमाण वेगळं असलेली दोन पानं सेलोटेपने चिकटवली की तापी दोनदा उगवते.

वाऱ्यांच्या, पावसाच्या आणि मातीच्या पानांना अर्धी तासिका पुरते. जुलैच्या पानावर वारा नैऋत्येकडून, जानेवारीच्या पानावर ईशान्येकडून. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमाराला सुटत ती याच वाऱ्यावर. जमिनीवर मातीचं पान बोलतं: पैठण ते तेर सगळा काळ्या मातीचा पट्टा. पावसात त्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत रुततं, त्यामुळे गाडीवाट ही दसऱ्यानंतरची गोष्ट. आणि उन्हाळ्यात? पावसाच्या पानावर सह्याद्रीचा माथा सर्वांत गडद आणि अहिल्यानगरपाशी एकदम फिका; होळीनंतर तिथे शेकडो बैलांना चारा-पाणी मिळणं कठीण. मार्गाशेजारी महिने लिहायला सांगा. महिने नसलेला मार्ग अर्धवट समजावा.

नव्या गोष्टी जुन्या नकाशात शिरतात त्याबद्दल थोडं. नकाशासंग्रहात पैठणच्या वर मोठं निळं सरोवर दिसतं. तो नाथसागर आहे, जायकवाडी धरणाचा, विसाव्या शतकातला. जुन्नरजवळचा निळा ठिपका माणिकडोह, तोही धरणाचा. मुलं सातवाहनांचे बैल त्या काठावर पाणी पाजायला नेतात. तसंच मुंबई बंदर म्हणून दाखवतात. ती तेव्हा सात सुटी बेटं होती आणि भर घालून ती जोडली गेली अगदी अलीकडच्या शतकांत. सोपारा उलट आज किनाऱ्यापासून आत, गाळाने हटलेलं. अशोकाच्या लेखांचे तुकडे जिथे मिळाले ते बंदर आज लोकल गाडीच्या नावात आहे. आणि कल्याणहून अहिल्यानगरला जाणारा आजचा महामार्ग माळशेजने चढतो म्हणून जुना मार्गही तिथूनच गेला असं नाही. मोटारीचा घाट मोटारीसाठी खोदलेला असतो.

झेरॉक्सबद्दल सांगणं भाग आहे, कारण निम्म्या चुका तिथून येतात. पान मोठं करून काढलं की खाली छापलेलं १:२५,००,००० तसंच राहतं, पण खोटं होतं. रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटरच्या खुणा असलेली छापील पट्टी, मात्र नकाशाबरोबर मोठं होतं, म्हणून ते खरं राहतं. झेरॉक्सवर किंवा पडद्यावर मोजायचं असेल तर अंकप्रमाण खोडून टाका आणि डिव्हायडर रेषाप्रमाणावर ठेवा. घाटासारख्या वळणाच्या वाटेला दोरा, देशावरच्या सरळ टप्प्याला डिव्हायडर. उलट करू नका, डिव्हायडर वळणं कापतो.

वरच्या वर्गांना आणि शिक्षकांना स्वतःसाठी दोन संग्रह सुचवतो. जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांचा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक नकाशासंग्रह १९७८ चा. तो आंतरजालावर मोफत पाहता येतो. इरफान हबीब यांचा मुघल साम्राज्याचा नकाशासंग्रह १९८२ चा, १:२०,००,००० प्रमाणाचा; त्यात प्रत्येक प्रदेशाची दोन पत्रकं, एक राजकीय आणि एक आर्थिक, अशी जोडी आहे. सुरतहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा मार्ग शिकवायचा असेल तर आर्थिक पत्रकापासून सुरुवात करा, राजकीय पत्रक नंतर.

गुणांची वाटणी तुमच्या हातात आहे आणि मुलं गुणांप्रमाणे वागतात. दहापैकी जमिनीच्या थराला तीन, पुराव्यांच्या चिन्हांना तीन, मोजणीच्या हिशेबाला दोन, महिन्यांना एक. रेघेला एक. सुबकपणाला वेगळे गुण नकोत. पूर्ण रेघ जिथे काढली तिथे तिच्या दोन्ही टोकांना चिन्हं आहेत का तेवढं तपासा. नसतील तर तो एक गुणही कापा.

प्रत्येक शाळेने नाणेघाटच घ्यावा असं नाही. नाशिककरांना थळघाट आहे, मावळातल्या शाळांना बोरघाट. रायगडच्या शाळांनी चौल घ्यावं. पेरिप्लसमधलं सेमिल्ला ते हेच, आणि तिथून बोरघाटाचा पायथा किती मुक्कामांवर ते दोऱ्याने काढावं. धाराशिवच्या मुलांनी तेरच्या संग्रहालयात जाऊन तिथली हस्तिदंती बाहुली बघावी, मग इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेली तिची बहीण कोणत्या वाटेने गेली असेल ते जगाच्या पानावर लावावं. जगाच्या पानावर पट्टीने किलोमीटर मोजू नका, त्यासाठी पृथ्वीगोल आणि दोरा.

कोल्हापूरच्या शाळांना सर्वांत अवघड काम. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी पोचला कसा? आंबा घाट आणि फोंडा घाट या दोन्हींचे २० मीटरच्या समोच्च रेषांवरून उभे छेद काढा, आडवं प्रमाण दोन्हींना सारखं ठेवा आणि उभं प्रमाण पाचपटीहून जास्त ताणू नका, नाहीतर दोन्ही घाट भिंतीसारखे दिसतील आणि फरक कळणार नाही. छेद शेजारी शेजारी चिकटवा. नकाशावर दोन्ही रेघा तुटकच ठेवा.

आपले,
नकाशांवर काम करणारे काही जण